तौगेची सुई

गेक सिमला आयुष्यभर कुणी काही मोजू दिलं नाही. कापड नाही, तांदूळ नाही, चहातली साखरसुद्धा नाही. मोजायचं काम तिच्या थोरल्या बहिणीचं, गेक चूचं. तैपिंगच्या बाजारामागे माझा कॉफीचा ठेला आहे, त्याला लागूनच त्यांचं शिवणाचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. गेक चू माप घ्यायची आणि कापायची, सिम खाली मान घालून शिवायची. दोघींची लग्नं झाली नाहीत. कुणी विचारलंच तर थोरली म्हणायची, "हिच्या मापाचा मिळाला नाही, आणि माझ्या मापाचा देवाने कापलाच नाही."

जिभेला हाड नव्हतं बाईच्या. सिमने घातलेली टीप उलटून बघायची आणि नाकातून नुसतं 'हं' करायची. 'बरोबर आहे' हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. सिमनेही नाही.

त्यांचा बोका तौगे. तौगे म्हणजे मुगाचा मोड. गटारात सापडला तेव्हा तेवढाच होता म्हणून हे नाव. पुढे खाऊन खाऊन त्याचं कलिंगड झालं. एका वर्षी तो घटाघट पाणी प्यायला लागला, फरशीभर मुतायला लागला. जनावरांची डॉक्टर तिलगवती म्हणाली, याला साखर आहे. मी हसले. माझ्या नवऱ्याला साखर, दिराला साखर, आता शेजारचा बोकाही आमच्याच पंगतीला!

गेक चू हसली नाही. तिने सुईचं काम दुसऱ्या दिवसापासून हातात घेतलं. औषधाची बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांमध्ये हळूच फिरवायची. सिरिंज तर बोटाहून बारीक. तिच्यावर रेघा अशा की केस आडवा ठेवला तर झाकून जातील. त्यातल्या दोन रेघा औषध, म्हणजे मोहरीएवढा थेंब, सकाळी आणि संध्याकाळी. एक रेघ जास्त झाली तर बोका आडवा. आत बुडबुडा राहिला तर तेवढं औषध कमी. म्हणून ती सिरिंज उजेडात उभी धरायची आणि नखाने दोनदा मारायची. टक टक. तो आवाज आला की माझ्या ठेल्यावरची गिऱ्हाइकं म्हणायची, साहेबांची सुई झाली.

आणि एक नियम. आधी खाणं, मग सुई. सकाळी तौगेला पाकिटातले दाणे. संध्याकाळी एक बांगडा वाफवायचा. शेपूट तौगेचं, मधलं सिमचं, डोकं गेक चूचं. तौगेने शेपूट खाल्लं, त्याला सुई झाली, की मगच ती स्वतः ताटावर बसायची. जग इकडचं तिकडे झालं तरी त्याआधी घास नाही.

ती गेली ती कापायच्या टेबलावरच. हातात कात्री, समोर अर्धं कापलेलं निळं कापड. शवपेटी घरात होती तोवर तौगेला माझ्याकडे कोंडलं. मांजराने प्रेत ओलांडलं की प्रेत उठून बसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सिम रडली नाही. पेटीपाशी गुडघे टेकून बसली होती, ती उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "स्वी, सुई कोण देणार?"

"कोण म्हणजे? तूच."

"मला मोजता येत नाही गं."

मला आधी रागच आला. आजही चष्म्याशिवाय दोरा ओवते ही बाई, आणि म्हणे मोजता येत नाही! पण तिचा चेहरा पाहिला आणि राग गिळला. एवढं मोठं घर, रिकामं दुकान, आणि हलतं-बोलतं म्हणावं तर तिला आता एक बोका उरला होता. तो गेला तर तिला हाक मारायलाही कुणी नव्हतं.

डॉक्टरने सिरिंजमध्ये पाणी भरून शिकवलं. "आंटी, काळ्या रबराची पुढची कड बघा, मागची नाही. ती दुसऱ्या रेघेवर आली की थांबा." मी तौगेला धरायची, सिम माझ्या ट्यूबलाइटखाली सिरिंज धरून मोजायची. थोडं जास्त, परत बाटलीत. थोडं कमी, परत ओढ. घामाने थबथबायची. पण द्यायची बरोबर. त्या दिवसांत तौगेला काही झालं नाही.

झालं ते पेटी गेल्यावर.

फोटोसमोर रोज नैवेद्य सुरू झाला. सकाळी चहा आणि बिस्किट, संध्याकाळी भात आणि अख्खा बांगडा. उदबत्ती अर्धी झाली की दोन नाणी टाकून विचारायचं, जेवलीस का? एक छापा एक काटा पडला तर जेवली. दोन्ही काटे पडले तर नाही. दोन्ही छापे पडले तर ती हसतेय. पहिल्या संध्याकाळी मी तिथेच होते. सिमने नाणी टाकली. काटे. पुन्हा टाकली. काटे. उदबत्ती संपली तरी काटेच.

"अगं, खाईल सावकाश," मी म्हटलं. "जिवंतपणी कुठे कुणाचं ऐकायची?"

पण तौगेची वेळ टळून गेली होती, तो पायात घोटाळत होता. सिमने शेवटी ताट उचललं, त्याच माशाचं शेपूट मोडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने माझ्या डोळ्यांदेखत चाटूनपुसून खाल्लं. सिमने मोजलं, दोन रेघा. मीही वाकून पाहिलं, दोनच होत्या. सुई झाली.

मी घरी जाऊन भांडी घासायला घेतली तोच सिमची किंकाळी. तौगे भिंतीला डोकं लावून उभा, पाय फाकलेले, डोळे काचेचे. मग एका बाजूला कलंडलाच. डॉक्टर फोनवर ओरडली, "गोड काहीतरी हिरड्यांना चोळा, आत्ता!" मी ठेल्यावरचा गुळाचा पाक आणला, बोटाने चोळला. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी त्याने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला, आणि चावा कधी इतका गोड लागला नव्हता.

डॉक्टरने रक्त तपासलं. "काय खाल्लं होतं?"

"माशाचं अख्खं शेपूट. मी साक्षीला होते."

"साखर तर अशी उतरलीय, जणू सकाळपासून पोटात काहीच नाही." तिने डोक्याला हात लावला आणि औषध एका रेघेवर आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे, एक रेघ, बोका ठणठणीत. संध्याकाळी नैवेद्य. नाणी टाकली, काटे. पुन्हा टाकली, छापे. हसत होती. सिमचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मागच्या खोलीतून, कापायच्या टेबलाकडून, आवाज आला. टक टक.

"पाल असेल," मी म्हटलं.

"असेल," सिम म्हणाली. दोघींनाही पालीचा आवाज चांगला माहीत होता.

त्याच माशाचं शेपूट तौगेला घातलं. एकच रेघ दिली. आणि तो पुन्हा कलंडला. पुन्हा पाक, पुन्हा धावपळ. तो शुद्धीवर आल्यावर मी ताटात उरलेल्या माशाकडे पाहिलं. पांढरट, कोरडा, वासच नाही. का कोण जाणे, मी एक चिमूट तोंडात टाकली. ना मीठ, ना मासा. भिजलेला कागद चघळावा तसं लागलं. अंगावर सरसरून काटा आला. मेलेल्याने जेवलेल्या अन्नाची चव जाते हे लहानपणापासून ऐकलेलं. पण हिने तर जेवले नाही म्हणून सांगितलं होतं! मग सत्त्व गेलं कुठे?

मी सिमला काही बोलले नाही. ती आधीच खचली होती.

"आ-चीचं खरं होतं," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला ती आ-ची म्हणायची. "मला नजर नाही. मी मोजलं की मारते. स्वी, मी डॉक्टरला सांगितलंय, परवा येऊन त्याला घेऊन जा. चांगल्या हाताच्या माणसाला द्या."

"आणि तू?"

"मी काय, मी शिवते."

तौगेला नेणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी ठेला लवकर आवरून गेले. तिने बांगडा वाफवला होता, मोठा होता म्हणून शेपटाकडचा निम्मा अजून भांड्यातच होता. निम्मा फोटोसमोर. नाणी टाकली, काटे. पुन्हा टाकली, काटे. तिसऱ्यांदा छापे. मागून टक टक. तौगे फोटोखाली बसून ताटाकडे नाही, टेबलाकडे बघत होता. मान इकडून तिकडे वळवत होता, तिथे कुणी येरझाऱ्या घालत असावं तशी.

माझं डोकं फिरलं. भीती वाटली की मला राग येतो, काय करू. मी फोटोपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "ए म्हातारे! जेवायचं नाही, उठायचंही नाही, नुसतं ताट चिवडत बसायचं! कुणाची वाट बघतेस गं? जिवंतपणी तरी कधी वेळेवर..."

आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सिमनेही माझ्याकडे पाहिलं. दोघींना एकदमच सुचलं. त्या बोक्याच्या आधी जेवलेली गेक चू कुणी पाहिली होती?

"स्वी," सिम हळूच म्हणाली, "आपण तिला आधी वाढतोय." तिने तोंड लावो न लावो, तिच्यापुढे ठेवल्याबरोबर माशाचं सत्त्व तिचं झालं होतं, आणि तौगेला उरत होता नुसता चोथा.

तिने भांड्यातला निम्मा काढला, न दाखवलेला. त्याचं शेपूट मोडून तौगेपुढे ठेवलं. त्याने खाल्लं. मी त्याला मांडीत धरलं. सिमने बाटली तळव्यांत फिरवली, औषध ओढलं, सिरिंज उजेडात धरली. तिचा श्वास ऐकू येत होता. रबराच्या कडेपाशी बारीकसा बुडबुडा चिकटला होता. तो मला दिसला, तिला दिसला की नाही कळेना.

टक टक, टेबलाकडून.

"बघितला मी, आ-ची," सिम वैतागून म्हणाली, आणि नखाने सिरिंजला दोनदा मारलं.

बुडबुडा वर गेला. एक रेघ. सुई झाली. मग तिने हात धुतले, फोटोसमोर ताट सरळ केलं, नवी उदबत्ती लावली आणि नाणी टाकली. एक छापा, एक काटा. पहिल्याच फटक्यात.

आम्ही वाट बघत बसलो. मांडीत गुळाचा पाक तयार. तौगे उठला, आळस दिला, एक पंजा चाटला, दुसरा चाटला, मग मांडी वर करून मागचं सगळं साग्रसंगीत चाटायला बसला. इतका बेशरम बोका मी पाहिला नाही, आणि त्याचा इतका आनंद मला कधी झाला नाही. सिमने डॉक्टरला फोन केला. "उद्या येऊ नका," एवढंच म्हणाली.

मग तिने नाणी पुन्हा उचलली.

"आता काय विचारतेस?" मी म्हटलं. "जेवली ना ती? राहू दे. मेलेल्यांना जास्त छेडू नये."

"एकच." तिने ओंजळ कपाळाला लावली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "आ-ची, मी मोजलं ते बरोबर होतं?"

नाणी पडली. एक फोटोपुढेच थांबलं, काटा. दुसरं घरंगळत मागच्या खोलीत गेलं, कापायच्या टेबलाखाली, अंधारात. तिथे काही वेळ गरगर आवाज आला. मग थांबला.

सिमला उठवेना. मीच टॉर्च घेऊन वाकले. टेबलाखाली कापडाचे कपटे, एक खडू, आणि टेबलाच्या पायाला टेकून नाणं उभं. ना छापा, ना काटा.

"काय आहे?" सिमने विचारलं.

"उभं आहे."

मग सिम हसायला लागली. पोट धरधरून हसली, हसता हसता रडली, पेटीपुढे आलं नव्हतं ते सगळं रडणं बाहेर आलं. "मेली तरी म्हणायची नाही! बघ स्वी, मेली तरी म्हणायची नाही!"

तौगे तिच्या मांडीवर चढला. तिने डोळे पुसले, रांगत टेबलाखाली गेली आणि ते नाणं उचलून पदराला पुसावं तसं झग्याला पुसलं.

"ठीक आहे आ-ची," ती म्हणाली. "तू नको म्हणूस. मीच म्हणते. बरोबर होतं."