साखळीवाला एमिल तोंड उघडतो

एमिल हुदाचेक हा आमच्या कॉलिन्स फेरी या गावातला फुटबॉलचा सगळ्यात मोठा वेडा. आणि सामना चालू असताना तोंडातून चकार शब्द न काढणारा गावातला एकमेव माणूसही तोच. यात गूढबिढ काही नाही. तो साखळीवाला होता.

आमचा फुटबॉल हातानं खेळतात, त्याला मी काय करणार? लंबगोल चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन दांडे असतात आणि मधे साखळी. शाळेच्या शुक्रवारच्या सामन्यांना हे दांडे गावातलीच माणसं धरतात, तेही फुकट. त्यांना नियम एकच. अंगात पिवळं जाकीट आहे तोवर तुम्ही पंचांची माणसं, तेव्हा ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पोरांशी बोलायचं तर मुळीच नाही. एमिल काचेच्या कारखान्यात होता तेव्हा दांडा धरायला लागला. पुढं कारखाना बंद पडला, बायको ॲग्नेस गेली, पण हा दर शुक्रवारी मूग गिळून उभाच. मी असते तर पाच मिनिटांत माझी जीभ गळून पडली असती.

शुक्रवारी त्याचा थाट बघावा. गुळगुळीत दाढी, चकचकीत बूट. दुपारी माझ्या हॉटेलात यायचं, कोबी घातलेल्या शेवयांची बशी चाटूनपुसून संपवायची आणि मैदानाकडे निघायचं, जसा काही स्वतःच खेळणार आहे. ॲग्नेस गेल्यापासून बाकीचे दिवस हा माणूस नुसता शुक्रवारची वाट बघत ढकलायचा. मी काउंटरमागं उभी असते, मला सगळं दिसतं.

शुक्रवारभर साठवलेलं बोलणं मग शनिवारी सकाळी माझ्याकडे बाहेर पडायचं. समोर बसलेला असायचा लू पास्क्वारेली, शेजारच्या दुकानातला न्हावी. लूच्या तोंडाचा पट्टा जन्मापासून सुटलेला, बहुतेक सुईणीलाही त्यानं दोन गोष्टी सुनावल्या असतील. आणि यंदा वादाला विषय एकच होता, डेव्हन टॉलिव्हर.

डेव्हन आमचा नवा रिसीव्हर. म्हणजे कडेकडेनं सुसाट पळत जायचं आणि लांबून आलेला चेंडू झेलायचा, एवढंच त्याचं काम. पळायचा झकास. झेलायचं तेवढं राहून जायचं. लूनं त्याचं नाव ‘लोणी’ ठेवलं आणि पंधरवड्यात अख्खं गाव त्याला लोणी म्हणायला लागलं.

“पोराच्या हाताला घरून लोणी फासून पाठवतात की काय?” लू म्हणायचा.

“पोरगं होणार चांगलं,” एमिल म्हणायचा.

“कशावरून?”

“काल पळत येऊन माझ्यावर आदळला. माझी टोपी पडली. त्यानं ती उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली.”

लू टेबलावर हात आपटून हसला. “डोरीन, ऐकलंस का? टोपी धरता येते त्याला! पुढच्या शुक्रवारी चेंडू ठेवा घरी, टोप्याच फेका!”

“हसू नकोस. चुकल्यावर लपत नाही तो. मान वर करून परत जागेवर येतो. उंची आधी आलीय त्याची. हात येतील मागून.”

“मागून येतायत म्हणे हात! बसनं येतायत का रे?”

“लू, परवा तुझ्या हातून वस्तरा पडला तेव्हा तुला कुणी लोणी म्हटलं होतं का?” मी विचारलं. त्यावर त्यानं घाईघाईनं कॉफी मागितली.

आता एमिलची खरी अडचण सांगते. सप्टेंबरात डेव्हननं एक सोपा झेल सोडला आणि एमिलच्या तोंडून ‘अरेरे!’ निघून गेलं. बस, एवढंच. पण पंचांनी शाळेला कळवलं. शाळेत खेळांचं बघायला ब्रँट नावाचा नवा साहेब आला होता, इस्त्रीतून काढून ठेवल्यासारखा. तो एमिलला म्हणाला, “काका, पुन्हा तक्रार आली तर जाकीट परत घ्यावं लागेल मला.” एमिल त्या दिवशी माझ्याकडे आला आणि शेवया तशाच ठेवून गेला. दांडा गेला तर या माणसाच्या आठवड्यात उरतंय काय, या विचारानं माझाच जीव टांगणीला लागला. तेव्हापासून तो मैदानावर ओठ आत ओढून उभा राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, कवळी विसरून आलाय.

सिझनचा शेवटचा घरचा सामना नदीपलीकडच्या गावाशी होता. त्यांच्याशी आमचं कधी पटलं नाही आणि पटायची गरजही नाही. मी आणि लू पहिल्याच रांगेत होतो. समोर, आमच्याकडे पाठ करून, दांडा धरून एमिल. सामना संपत आला होता आणि आम्ही थोडक्यात मागं होतो. तेवढ्यात डेव्हन आमच्या बाजूनं पळत सुटला. जवळपास चिटपाखरू नाही. चेंडू आला तो बरोब्बर त्याच्या दोन्ही हातांत, आणि तिथून खाली.

अख्खा स्टँड उठला. “लोणी! लोणी!” सगळ्यांत पुढं अर्थातच लू, गळ्याच्या शिरा ताणून.

पोरगं एमिलच्या पायाशी गुडघ्यावर बसलं होतं. सवंगडी हाका मारत होते. ते उठेना. इतके दिवस मान वर करून परत जाणारं पोर, त्या दिवशी मान वर करेना. हेल्मेटमधून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते.

एमिल वाकला आणि काहीतरी बोलला.

शेजारी उभ्या असलेल्या पंचानं चटकन दुसरीकडे बघितलं. भला माणूस होता, ऐकलंच नाही असं दाखवत होता. एमिलनं तेवढ्यावर थांबावं की नाही? पण पोर हललं नाही. मग एमिल दुसऱ्यांदा बोलला, आणि या वेळी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. “ऊठ, बाळा. पुढचा चेंडू तूच धरणार आहेस. ऊठ!”

पोर उठलं. शिट्टीही वाजली. पलीकडून त्यांचा कोच हातवारे करत ओरडायला लागला की साखळीवाला शिकवतोय, काढा त्याला. पंचाचा नाइलाज झाला. एमिलनं स्वतःच जाकीट काढलं. आता दांडा धरणार कोण? पंचानं पहिल्या रांगेकडे बोट केलं. लू ओरडायला उभाच होता, सगळ्यांनी मिळून त्यालाच ढकललं. त्या जाकिटाची चेन काही लूच्या पोटावर बसली नाही.

“सरळ धर,” एमिल त्याला म्हणाला, “आणि तोंड बंद ठेव.”

मग तो वर येऊन माझ्याशेजारी, लूच्या जागेवर बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. “इथून मैदान केवढंसं दिसतं गं,” म्हणाला.

पुढचा चेंडू डेव्हनच्या बाजूचा नव्हता. तरी तो नुसता समोरून पळाला की आमच्या स्टँडातून लोणी-लोणी सुरू व्हायचं. लूनं गावाला इतकं पक्कं शिकवलं होतं की आता लूवाचून अडत नव्हतं. आणि लू आमच्याकडे पाठ करून, दांडा कवटाळून उभा. त्याचे खांदे हळूहळू कानांपर्यंत चढले. मला वाटलं, थंडी वाजतेय.

मग आला चौथा प्रयत्न. चेंडू पुन्हा डेव्हनकडे. कडेला, लूच्या नाकासमोर, पोरानं उडी मारली आणि तो धरला! छातीशी घट्ट धरून लूच्या अंगावर आदळला, दोघं आडवे झाले, पण चेंडू सुटला नाही. आणि माझ्या कानाशी असा काही आवाज निघाला की मी दचकून पडायचीच. एमिल बाकावर उभा राहून ओरडत होता. शब्द नव्हतेच, नुसता आवाज. केवढा साठला होता त्याच्यात! खाली लू उठला, तोंड उघडलं, आठवण झाली, आणि स्वतःच्याच हातानं त्यानं ते बंद केलं.

सामना आम्ही हरलो, ती गोष्ट वेगळी.

लोक पांगल्यावर ब्रँटसाहेब आला. वाईट वाटतंय, पण नियम म्हणजे नियम, पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघावा लागेल, म्हणाला. एमिलनं मान डोलावली. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. साहेबाला चांगलं तासलं. एमिलनंच माझी बाही ओढली. “जाऊ दे, डोरीन. मला बोलतानाच ठाऊक होतं.” त्याचा घसा पार बसला होता.

तेवढ्यात लू वर आला. मला वाटलं, आता चेष्टा करणार. त्यानं जाकीट ब्रँटच्या हातात दिलं.

“एमिल,” तो म्हणाला, “खाली सगळं ऐकू येतं रे.”

“येतं की.”

“गलका नाही. एकेकाचा आवाज वेगळा. माझ्या सुनेचा ओळखला मी. पोस्टातल्या त्या जाड्याचा ओळखला. पोरालाही येत असणार.”

“येतच असणार.”

लू टोपी काढून हातात फिरवत राहिला. “म्हणजे माझाही…”

एमिलनं सरकून त्याला बाकावर जागा करून दिली.

“तुझा सगळ्यात आधी ओळखू येतो, लू.”