डावऱ्याची सर्व्हिस

मॅनेजरनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि तिच्यातलं पाणी टेनिस कोर्टाशेजारच्या कुंडीत ओतलं. सगळं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरून उभा राहिला. मग मराठीत म्हणाला, "तुमचं पाणी मागे आहे."

एरवी तो मला तू म्हणायचा. त्या 'तुमचं'मध्ये मी एकटा नव्हतो. माझा बाप होता, आजा होता, सांगलीतली आमची अख्खी वस्ती होती.

बाटली मी चोरली नव्हती. दीड तास उन्हात सर्व्हिस करत होतो. इंग्रज कोचनंच बर्फाच्या पेटीकडं बोट दाखवून घे म्हटलं होतं. तो कोच आता वहीत काहीतरी लिहीत होता. आणि ज्याच्यासाठी ती पेटी रोज भरली जायची तो एकोणीस वर्षांचा ब्रिटिश खेळाडू खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती. मी पाहिलं होतं.

मी मागे गेलो. स्टाफच्या नळावर पाणी प्यालो. परत आलो आणि सर्व्हिस करू लागलो. हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही.

आमचा टेनिस क्लब दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सच्या बाजूला. मी तिथं कोर्ट अटेंडंट. कोर्टं झाडायची, जाळ्या ताणायच्या, चेंडू टोपल्यांत भरायचे. राहायला तासभर लांब, अजमानला. एका खोलीत सहाजण, सगळे वेगवेगळ्या मुलखातले. स्टाफची बस पहाटे निघते.

टेनिस मला बापाकडून आलं. बाप सांगलीच्या एका जिमखान्यावर मार्कर होता. मार्कर म्हणजे मेंबराला जोडीदार नसला की त्याच्यासमोर उभा करायचा माणूस. बाप फार चांगला खेळायचा. पण त्याचा खेळ कुणी पाहिलाच नाही, कारण तो खेळायचाच नाही. साहेबाला जमेल असा चेंडू द्यायचा. मलाही त्यानं पहिलं हेच शिकवलं. चेंडू साहेबाच्या रॅकेटवर पडला पाहिजे. आपण जिंकलो की आपलं काम जातं.

मी डावरा. बापाला त्याचं कौतुक. कोल्हापूरला, पुण्याला स्पर्धा खेळलो, दोन-चार मॅच चांगल्या काढल्या. मग बापाचे गुडघे गेले आणि मी बाविसाव्या वर्षी इथं आलो. रॅकेट घेऊन आलो, हातात मात्र झाडू आला.

मॅनेजर पुण्याचा. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खूश झाला होता. अरे वा, सांगलीचा का, सांगलीत कुठं? मी वस्तीचं नाव सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला. त्यानंतर त्याचं मराठी माझ्या वाट्याला आलं ते फक्त हुकमापुरतं.

तो ब्रिटिश पोरगा डिसेंबरात आला. तिकडं थंडी, म्हणून असे बरेच खेळाडू सरावाला इथं येतात. याचं नाव त्याच्या देशातल्या पेपरांत यायला लागलं होतं. लहान स्पर्धा जिंकत तो वर चढत होता, पण डावरा समोर आला की हरायचा. डावऱ्याची सर्व्हिस त्याच्या बॅकहँडकडून कोर्टाच्या बाहेर वळत जायची आणि तो नुसता बघत राहायचा. कोचला डावरा पाहिजे होता. क्लबनं ठरवलेला माणूस आजारी पडला. एका दुपारी मी रिकाम्या कोर्टावर चार सर्व्हिस मारत होतो, ते कोचनं पाहिलं.

झालं. तीन आठवडे मी त्याला सर्व्हिस केली. कोचचं म्हणणं होतं, जोर पाऊण ठेव, जागा अचूक ठेव. मॅनेजरचं म्हणणं वेगळं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला होता की हा इथून खूश होऊन गेला पाहिजे, एवढंच तुझं काम. मी बापाचा मुलगा. मला दोघांचंही कळलं.

पोरगा वाईट नव्हता. मला 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणायचा. एकदा बाकावर बसून त्यानं सांगितलं की डावऱ्याशी मॅच असली की त्याला रात्रभर झोप येत नाही, घरचे सगळे त्याच्याकडं डोळे लावून बसलेत. सहाव्या वर्षापासून त्याला कोच होता. हे तो असं सांगत होता की जणू प्रत्येकालाच असतो.

पाण्याचा प्रकार झाला तो तिसऱ्या आठवड्यात. त्यानंतर तीन दिवसांनी पोरगा म्हणाला, आज खरं खेळू. अकरा पॉइंटचा गेम, सर्व्हिस सगळ्या तुझ्या, पूर्ण जोरानं. कोचनं मान हलवली.

मी सुरुवात सवयीनंच केली. चेंडू त्याच्या रॅकेटवर. चार-शून्य तो पुढं. मग त्यानं एक रिटर्न मारला आणि मूठ आवळली. माझ्याकडं बघून नाही, स्वतःशीच. आणि मला काय झालं सांगता येत नाही. मला वाटलं, हा ज्याला हरवतोय तो मी नाहीच.

पुढची सर्व्हिस मी मारली. खरी. तो जागचा हलला नाही.

मग सुटलोच. पाच-पाच. आठ-सात. त्यानंही सोडलं नाही, तोही जीव लावून खेळला, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की दोघं खेळतात तेव्हा कसं वाटतं. दहा-नऊ मी पुढं. तेवढ्यात जाळीच्या कुंपणामागून मॅनेजरचा आवाज आला. मराठीत, हळू, इतर कुणाला कळू नये असा.

"सोड आता. तू कोण आहेस ते विसरू नकोस."

मी चेंडू दोनदा जमिनीवर आपटला. विसरलो नव्हतो. म्हणूनच बाहेर वळणारी मारली, रेषेवर. पोरग्याची रॅकेट पोचलीच नाही.

अकरा-नऊ.

तो नेटपाशी आला. हात मिळवला. पण चेहरा उतरलेला. त्यानं विचारलं, "तीन आठवडे असं का नाही खेळलास?"

मला वाटलं होतं तो चिडेल, रॅकेट आपटेल. त्याची मी तयारी ठेवली होती. या प्रश्नाची नव्हती. काय सांगणार? जिमखाना सांगू? बाप सांगू? तेवढं इंग्रजी माझ्याकडं नव्हतं. मॅनेजर हसत पुढं आला आणि माझ्या वतीनं बोलला, "ही इज व्हेरी हम्बल, सर."

माझं गप्प राहणं या माणसानं माझा गुण म्हणून विकलं. पाण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मला कोर्टावरून काढलं. शारजाहून दुसरा डावरा आणला, मी परत झाडूवर. संध्याकाळी बापाला फोन करून सांगितलं. बापानं आधी स्कोअर विचारला. मी सांगितला. त्यानं तो स्वतःशीच एकदा म्हणून बघितला. मग म्हणाला, नोकरी सांभाळ.

मार्चमध्ये पोरगा मोठ्या स्पर्धेत दोन डावऱ्यांना हरवून पुढं गेला. आमच्या क्लबमध्ये केक कापला. मग क्लबच्या हॉलमध्ये त्याच्या सत्काराचा कार्यक्रम ठरला आणि पोस्टर लागलं. पोस्टरवर पोरगा, आणि शेजारी चेंडू फेकायचं नवं मशीन. खाली लिहिलेलं की क्लबच्या या मशीनवर त्यानं डावऱ्याच्या सर्व्हिसचा सराव केला. मशीन पोरगा परत गेल्यावर, फेब्रुवारीत आलं होतं. खोका मीच फोडला होता.

मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, धुतलेला युनिफॉर्म घाल, स्टेजवर मशीनच्या मागं उभा राहा, चेंडू भरत राहा.

मी उभा राहिलो. पाच मिनिटं. पोरगा आला, मला बघून हात वर केला, हसला. मग माईक हातात घेऊन त्यानं क्लबचे आभार मानले, मशीनचे मानले. त्याला खरं माहीत होतं. पाण्याच्या दिवशी नाडी बांधायला वाकला होता, तसंच त्यानं हेही टाळलं. हॉलभर माणसं टाळ्या वाजवत होती. मी चेंडूंची टोपली खाली ठेवली आणि मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या समोरून, बाहेर चालत गेलो.

सकाळी वॉर्निंग लेटर तयार होतं. कामाच्या वेळी जागा सोडली. असं पुन्हा झालं तर व्हिसा कॅन्सल. खाली एक चौकट होती, कर्मचाऱ्याचं म्हणणं. आमच्याकडं ती चौकट कुणी भरत नाही. सही करतात आणि कामाला लागतात. मॅनेजरनं पेन पुढं केलं, सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

मी चौकट भरली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: तो सराव मशीननं केला नाही. मी केला. एकवीस दिवस. शेवटच्या दिवशी मी त्याला हरवलं. खाली पूर्ण नाव घातलं, आडनावासकट.

मॅनेजरनं वाचलं. दरवाजा लावून घेतला. पहिल्यांदाच समजुतीच्या सुरात बोलला, की फाईल वरपर्यंत जाते, तुझ्या घरी म्हातारा बाप आहे, माझंही नाव खराब होईल. चौकट रिकामी असलेली लेटरची नवी प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. "हे फाडू या. नुसती सही कर."

"नाही."

"काढून टाकतील तुला."

"टाकू देत. पण फाईलमध्ये हा कागद राहील. आणि पुढच्या जागी अर्ज करीन, तेव्हा कामाचा अनुभव म्हणून हेच लिहीन."

त्यानं दोन्ही कागद तसेच टेबलावर ठेवले. मी त्याच्यासमोर माझ्या कागदाचा फोटो काढला, तारखेसकट. मग कोर्टावर गेलो. सात वाजता पहिलं बुकिंग होतं आणि जाळी ताणायची होती. नोकरी राहील की जाईल, अजून ठरलेलं नाही. ते त्यांनी ठरवावं. माझ्या हाताचं काम दुसऱ्या कुणाच्या नावावर जायला मी आता सही देणार नाही.