तिसरी घंटा होईपर्यंत

संगणकाचा तास मला सुखासुखी मिळाला नव्हता. आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मुलांचे मोठे सर, त्यांना तो गणितासाठी हवा होता. मी पिच्छाच पुरवला तेव्हा म्हणाले, "महिनाभर करा. पोट्टे काही वाचून नाही राहिले, तं तास गणिताले." राग माझ्या नाकावरच असतो. म्हटलं, बघाच.

वर्गासाठी इंटरनेटवर एक सामायिक पान उघडलं. धानाबद्दल चांगलं काही सापडलं की लिंक तिथं जतन करायची आणि टॅग लावायचा. लिंकेपुढे जतन करणाऱ्याचं नाव आपोआप यायचं. मुलं तुटून पडली. पान रोज लांबत होतं आणि मी फुगत होते. टॅग वाचायचं मात्र राहूनच गेलं.

महिना सरला. मोठे सर आले आणि पहिल्या बाकावरच्या पोरीला म्हणाले, "हे धानावरच्या तुडतुड्याचं उघड बरं."

पोरीनं हात मागे घेतला आणि शेजारणीकडे बोट केलं. "नाही जी. थे तिची हाय."

"मंग हे?"

"थे पण दुसऱ्याची हाय."

आता मी टॅग वाचले. 'आमच्या घरची'. 'मामीसाठी'. 'इथं कोणी बसू नये'. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात. प्रयोग रात्री, पण दुपारपासूनच मंडपात पोती अंथरून जागा धरलेल्या असतात. दुसऱ्याच्या पोत्यावर बसणं म्हणजे भांडण विकत घेणं. पोरांनी नावं पाहिली आणि लिंकांवर पोती टाकली होती!

"मंग तुह्या लिंकेत काय लिहिलं हाय?" सरांनी विचारलं.

"वाचली नाही जी."

"काहून?"

"नाटक सुरूच नाही झालं ना अजून. आम्ही तं वाट पाहून राहिलो."

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तास गेलाच, हे उघड होतं.

तेवढ्यात सरांचं लक्ष सगळ्यात वरच्या लिंकेकडे गेलं. टॅग होता 'मोठे सर'.

"हे कोणं केलं?"

"आम्ही सगळ्यायनं. समोरची जागा पाहुण्याची रायते ना जी."

सरांनी ती उघडली. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा व्हिडिओ! सर पटाचे शौकीन, हे सगळ्या गावाला ठाऊक. धूळ उडवत बैलजोडी सुटली. सर आधी उभ्यानं बघत होते, मग त्यांनी खुर्ची ओढली. पोरं शिस्तीत लांबच बसलेली. शेवटी सरच ओरडले, "या ना बे जवळ! कायले दूर बसले?"

जोडी धाव संपवून थांबली तेव्हा सर उठले. टेबलावरची फूटपट्टी उचलून त्यांनी लोखंडी कपाटावर तीनदा हाणली.

"झाली तिसरी घंटा. आता कोणाचीबी उघडा."

मग जो गलका झाला! तुडतुडा, खोडकिडा, धानाची रोवणी, सगळं एकदम उघडलं. एकमेकांच्या लिंका मोठमोठ्यानं वाचून दाखवणं सुरू झालं आणि सुट्टीची घंटा कुणाला ऐकूच गेली नाही.

गणिताला सरांनी दुसरा तास शोधला. आता संगणकाच्या तासाला ते स्वतः न चुकता हजर असतात, आणि त्यांच्यासाठी वरची लिंक दर वेळी नवी धरलेली असते. मला आनंदच आहे. फक्त मी रोज सगळे टॅग नीट वाचते, अगदी शेवटपर्यंत. 'मॅडम' अजून कुठेच सापडलेला नाही.