वाट बंद करायची नाही

कुराबी गावच्या धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर बसणारा लिंडसे नोस्के आणि तो वजनकाटा यांच्यात फरक एवढाच, की काटा अधूनमधून हलायचा. असं गाव म्हणायचं, आणि सर्वांत आधी लिंडसेच म्हणायचा. अडतीस वर्षं त्याने गव्हाचे ट्रक मोजले. सुगीत दिवसाला शंभर. एरवी आठवड्याला एखादा, तोही बहुधा रस्ता चुकलेला. अशाच एका रिकाम्या आठवड्यात एका ट्रकवाल्याने त्याच्या फोनमध्ये बुरुजांचा खेळ घालून दिला, आणि लिंडसेच्या हातातलं शब्दकोड्याचं पुस्तक कायमचं सुटलं.

खेळ सोपा. मोकळ्या माळाच्या एका टोकाकडून किडे येतात आणि दुसऱ्या टोकाला पोचायला बघतात. आपण मध्ये बुरूज उभारायचे आणि त्यांना वाटेतच गारद करायचं. आपल्याला वीस जीव. एक किडा निसटला की एक जीव गेला. कुणीही शहाणा माणूस करील तेच लिंडसेने पहिल्या दिवशी केलं. बुरुजांची सलग भिंत घातली आणि वाटच बंद करून टाकली. त्याबरोबर किडे पिसाळले आणि बुरूजच फोडून पलीकडे गेले. ही चूक त्याने साठ-सत्तर वेळा केली, कारण नोस्के घराण्यात चूक चांगली मुरल्याशिवाय टाकून देत नाहीत. मग एकदाचं डोक्यात शिरलं, की वाट बंद करायची नाही. वाट उघडी ठेवायची, फक्त लांबवायची. इकडे एक वळसा, तिकडे एक वळसा. चालून चालूनच ते दमले पाहिजेत.

हे तत्त्वज्ञान तो पबमध्ये भेटेल त्याला ऐकवायचा. लोक ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. त्याची बायको मर्ल मात्र एकदाच म्हणाली, "एकतीस वर्षं मी शाळेत हेच केलं, लिंडसे. मला कुणी फोन दिला नाही."

मर्ल गावची मास्तरीण. चाळिशी-पन्नाशीतले बाप्येसुद्धा तिला 'मिसेस नोस्के' म्हणायचे आणि ती समोरून आली की सिगारेट पाठीमागे लपवायचे. मुलं उरली नाहीत म्हणून शाळेला कुलूप लागलं, अंगणात गवत गुडघाभर वाढलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी मर्लच्या डोक्यातलं एकेक पान गळायला लागलं. आधी नावं गेली. मग चहात साखर घातली की नाही ते. शाळा बंद झाली, हे तर अगदी पार गेलं. रोज सकाळी साडेआठला ती पिशवी खांद्याला लावून शाळेकडे निघू लागली.

शाळा होती हमरस्त्याच्या पलीकडे. आणि हमरस्त्यावरून दोन-दोन डबे जोडलेले गव्हाचे ट्रक जायचे, ज्यांना थांबायला अर्धा फर्लांग लागतो. हे लिंडसेइतकं कुणाला ठाऊक असणार?

शहरातून मुलगी लियान आली आणि म्हणाली, "बाबा, दाराला कुलूप लावा. नाहीतर अशा माणसांना सांभाळतात त्या जागी ठेवा. तिसरा मार्ग नाही."

"कुलूप लावलं तर ती फोडेल," लिंडसे म्हणाला.

"आईबद्दल बोलतोय आपण. तुमच्या किड्यांबद्दल नाही."

लिंडसेने फोन खिशात घातला. पण दुसऱ्या दिवशी तो टोपी घालून गावात हिंडला आणि त्याने बुरूज नेमले.

पहिला बुरूज बेकरीवाली होआ. व्हिएतनामहून आली तेव्हा तिला इंग्रजी मर्लनेच शिकवलेलं. मर्ल दिसली की होआ खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक काउंटरवर मांडायची आणि म्हणायची, हे डझनाडझनांनी मोजून द्या, माझा हिशेब चुकतोय. मर्ल मोजायची. होआ मागच्या मागे त्यातले दोन खाऊन टाकायची, म्हणजे पुन्हा मोजावे लागायचे. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात तिच्यासाठी बटणांचा डबा होता, रंगवार लावायला. आणि शेवटचा बुरूज, हमरस्त्याच्या अगदी अलीकडचा, पेट्रोलपंपवाला स्टॅन. वय बासष्ट, वजन त्याहून दुप्पट. तो हात मागे बांधून तेराचा पाढा म्हणायचा.

"तेरा साती ब्याण्णव."

"एक्क्याण्णव, स्टॅनली. पहिल्यापासून."

स्टॅन पहिल्यापासून सुरू करायचा. पेट्रोलला आलेली गिऱ्हाइकं ताटकळायची, पण त्यातली अर्धी तिचेच विद्यार्थी, कोण बोलणार? लिंडसेने त्याला एकदा विचारलं, रोज रोज सातवरच कसा रे चुकतोस? स्टॅन जरा लाजून म्हणाला की सातचं तो मुद्दाम करत नाही. मुद्दाम चुकतो ते नववर.

अर्ध्या मैलाच्या वाटेला तीन तास लागायचे. पाढा संपेतो मर्लचे पाय दुखायला लागायचे, शाळा सुटली असं तीच ठरवायची आणि घरी परतायची. लिंडसे सगळा वेळ पन्नास पावलं मागून झाडं बघत असल्यासारखा चालायचा. कुराबीत झाडं एकूण नऊ. असे चौदा महिने गेले आणि एकही जीव गेला नाही. लियाननेही कुलपाचा विषय सोडला.

मग सुगी आली. ऐन गर्दीत, लिंडसे निवृत्त झाल्यावर आलेल्या नव्या काटेवाल्याला कांजिण्या झाल्या, ट्रकांची रांग पबपर्यंत पोचली, आणि कोठारावरून निरोप आला की लिंडसे, दोन तास ये. त्याच दिवशी बेकरी बंद होती. होआ मुलीच्या पदवीदानाला गेलेली. पहिला बुरूज नाही, मागून चालणारा लिंडसे नाही, आणि रस्त्यावर शंभर ट्रक. लिंडसे दारात बराच वेळ उभा राहिला. मर्ल आत टोस्ट खात होती. दोनच तास, असं तो स्वतःशी म्हणाला आणि किल्ली फिरवली.

काट्यावर बसल्यावर पाऊण तासाने ट्रक यायचे थांबले. लिंडसेने बाहेर डोकावून पाहिलं आणि टोपी न घेताच तो धावत सुटला.

मर्ल हमरस्त्याच्या मधोमध उभी होती. दाराची काच तिने खुर्चीने फोडली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत रक्ताने माखले होते. चिडलेली असल्यामुळे ती कुठेच थांबली नव्हती. बटणांकडे तिने पाहिलं नाही, पाढा ऐकला नाही, स्टॅनला तिने हाताने बाजूला सारलं. पहिल्या ट्रकवाल्याने तिला लांबून पाहिलं म्हणून वाचली. त्याच्या मागे सतरा ट्रक खोळंबले होते आणि मर्ल ड्रायव्हरांना रांगेत उभं करत होती. ते टोप्या काढून उभे होते.

लिंडसे जवळ गेला तशी ती मागे सरकली आणि तिच्यामागे धावत आलेल्या स्टॅनच्या आड झाली.

"हा माणूस कोण आहे, मला माहीत नाही," ती म्हणाली. "याने मला कोंडलं."

  लियानला फोन लिंडसेने स्वतःच केला.

लियान म्हणाली होती ती जागा नव्वद किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी. बाहेरच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप, पण दारावर आतून पुस्तकांच्या कपाटाचं चित्र रंगवलेलं, म्हणजे ते दार आहे हेच कळू नये. आणि व्हरांडा गोल. कुठेही शेवट नाही, कुठेही भिंत आडवी येत नाही. चालत राहिलं की माणूस परत पहिल्या जागी. लिंडसेने दोनदा चक्कर मारली आणि नर्सबाईंना विचारलं, हे बांधलं त्याला बुरुजांचा खेळ येत होता का? नर्सबाईंना ते समजलं नाही.

आता तो रोज गाडी काढून जातो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. दर नऊ मिनिटांनी मर्ल पिशवी घेऊन येते. तो उभा राहतो, हात मागे बांधतो.

"तेरा साती ब्याण्णव."

"एक्क्याण्णव. पहिल्यापासून."

तो पहिल्यापासून म्हणतो, ती ऐकते, मग पुढे जाते. दमेपर्यंत सात-आठ फेऱ्या. फोन गाडीतच राहतो.

गेल्या गुरुवारी चौथ्या फेरीला ती आली तेव्हा बरीच दमलेली होती. लिंडसे उभा राहिला.

"तेरा साती ब्याण्णव."

मर्लने त्याच्याकडे पाहिलं. पांढरं डोकं, मागे बांधलेले हात. तिने त्याच्या दंडावर हलकेच थोपटलं.

"बरोबर," ती म्हणाली. "शाबास. जा, बस."

लिंडसे बसला.