झाकणावरचा निळा रंग

आईच्या स्वयंपाकघरातले डबे आवरताना चिंचेच्या डब्याचं झाकण हाती आलं. त्यावर अजून बोटभर हिरवा रंग आहे. वडिलांची टॅक्सी वयाच्या नियमात बसेना, तेव्हा ती भंगारात न देता घरची गाडी म्हणून रंगवायची, असं त्यांनी ठरवलं. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीच्या पटांगणात ते आठवडाभर काळा-पिवळा रंग घासून काढत होते. थिनरचा वास जिन्यापर्यंत यायचा. नवा रंग निवडायला त्यांनी डब्यांच्या झाकणांवर नमुने ओढले. "माझी झाकणंच सापडली का तुम्हाला?" आई कुरकुरली. त्यांना निळाच हवा होता, गावच्या खाडीसारखा. सगळी चाळ गॅलरीत उभी असताना त्यांनी एक झाकण उचललं आणि म्हणाले, "हाच निळा." ते हिरवं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, हे तेव्हा फक्त आईला ठाऊक होतं. शेजारचे काका हसले, "अरे मेल्या, ह्यो खयचो निळो?" वडिलांचा हात थबकला. आई पुढे झाली. "निळाच आहे, आणि मला हाच हवाय. भाऊजी, तुम्ही आधी चष्मा पुसा." गाडी हिरवी झाली आणि आमच्या घरात निळी म्हणूनच राहिली. पुढे मोतीबिंदू काढल्यावर वडिलांनी गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली, आईकडे पाहिलं आणि फडकं घेऊन गाडी पुसायला घेतली. आता दोघंही नाहीत. "हे हिरवं झाकण टाकून देऊ का?" मुलीने विचारलं. मी म्हटलं, "ते निळं आहे. राहू दे."