येडी न्हाई, ऑटिझम

झिंज्या धरून नवऱ्यानं मला गोठ्यातून ओढत आणलं. भर अंगणात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाया बघायल्या होत्या.

माझा गुन्हा काय? बाया एकदम बोलायल्या होत्या. बांगड्या, मिक्सर, अत्तराचा वास. डोक्यात कुणी खिळे ठोकायलंय असं झालं. ताट ठेवलं आन् गोठ्यात कान दाबून बसले.

"पाहुण्यांपुढं नाक कापतीस?" कानफटात बसली. ओठ फुटला.

सासू म्हणाली, "हाण अजून. माज हाय तिला."

एकबी बाई उठली न्हाई. माझं सासर म्हंजी पालमकडचं मोठ्या जमिनीचं घर. त्यांच्यापुढं कोण बोलणार?

मार मला नवा नव्हता. माहेरी, ताडकळसच्या शाळेत सरांनी मारलं, घरी बापानं. मलाबी वाटायचं, खोट आपल्यातच हाय. एकटी असले का भिंतीवर डोकं आपटायची.

मग लेक झाली. चालायला लागली, पळायला लागली, पण बोलेना. परभणीला डॉक्टरबाईंकडं नेली. त्यांनी लेकीला तपासलं. मग मलाच विचारत बसल्या. चारदा बोलावून म्हणाल्या, "लेकीला ऑटिझम आहे. तुम्हालाही आहे. जन्मापासून मेंदूची घडणच वेगळी. हा माज नाही."

दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले. दुःखानं न्हाई. रागानं. सगळा मार फुकट खाल्ला होता.

घरी सांगितलं. नवरा हसला. "म्हंजी येडीच की. डॉक्टरनंच सांगितलं."

तिथून माझ्या शब्दाला किंमत राहिली न्हाई. मार खाऊन ओरडले तर शेजारीण म्हणायची, झटका आला असंल. आई म्हणाली, "गिळून टाक बाई तो शब्द. पोरीला उद्या कोण करून घील?"

आई खोटं बोलत नव्हती. मी लय विचार केला. नाव नव्हतं तवा माजोरी म्हणून मारलं, नाव आलं तवा येडी म्हणून. पण मी भिंतीवर डोकं आपटायचं थांबले. माहेरचं निमित्त करून लेकीला परभणीला नेत राहिले. तिथं तिला शिकवायचे. एक दिवस तिनं माठाकडं बोट केलं. तिला पाणी पाहिजे होतं. मग तो शब्द मी कसा गिळू?

एका दुपारी कुकरच्या शिट्टीनं लेक किंचाळली. थांबंना. सासूनं उलथनं चुलीत लाल केलं. "डाग दिला का सुधरती." नवऱ्यानं लेकीचे पाय धरले.

मी उलथनं हिसकलं. तळहाताची कातडी त्याला चिकटली. तरी सोडलं न्हाई. नवऱ्याच्या तोंडापुढं धरलं.

"सोड तिला. न्हाई तर तुला डागते."

"येडी झालीस का?"

"येडी न्हाई. ऑटिझम हाय मला. लेकीलाबी हाय. जा, सगळ्या पालमला सांग."

त्यानं पाय सोडले. मी लेकीला उचललं आन् अंगावरच्या लुगड्यानिशी एसटीत बसले.

आता परभणीत खोली केलीय. शिलाई करते. लेकीला शाळेत घालायचंय. बहीण म्हणती, तिथं तरी सांगू नको.

सांगणार. पहिल्याच दिवशी, सगळ्या मास्तरांपुढं. पोरं चिडवतील. सोयरीक यायची न्हाई. नको येऊ दे. पण तिच्यावर हात उचलणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणता यायचं न्हाई.

ठाऊक असून उचलला, तर तो हात मी मोडणार.