भोंगेभाऊंनी केलेली खूण

माझ्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली भोंगेभाऊ म्हणते आणि त्यांना त्याचा अभिमान वाटतो. यापुढे खरं तर लिहायलाच नको. पण मनातली मळमळ वहीत ओतली नाही, तर देवापुढे बसल्यावर तीच वर येते. म्हणून लिहिते.

भाऊजींचा धंदा जळलेल्या मोटरची तार पुन्हा गुंडाळून द्यायचा. पंखे, पंप, मिक्सर. नखांत कायम वार्निश, शर्टाला त्याचा उग्र वास, आणि त्याच हाताने ताटातली पोळी मोडणार. हात मात्र गुणी, खोटं कशाला लिहू? लग्न केलं नाही. सासूबाई होत्या तोवर विचारायच्या, "अरे, एकही पसंत पडत नाही का तुला?" तर म्हणायचे, "आवाज आवडायला हवा, आई." पुढे आमच्या दारासमोर, नदीकाठच्या चौकात उंच खांबावर पुराचा भोंगा बसवला आणि भाऊजी दिवसभर त्याखाली मान वर करून उभे राहिले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घ्या, आली माझी सून!"

वरच्या अंगाला धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की आम्हाला सावध करायला हा भोंगा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याची चाचणी होते, तेव्हा तो एकाच सुरात लांब ओरडतो. खरंच पाणी येणार असेल तर आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. असं खांबावरच्या पाटीवर लिहिलं आहे म्हणतात. पाटी मी कधी वाचलेली नाही, कुणीच वाचलेली नाही. कबुतरांनी तिच्यावर असे थर चढवले आहेत की तिच्याकडे बघून जेवण जात नाही.

तर या भोंग्याचं शूटिंग करणं हा भाऊजींचा छंद. जगात असे आणखी लोक आहेत, हे मला त्यांच्या फोनवरूनच कळलं. गावोगावची ही रिकामी डोकी एकमेकांना आपापले भोंगे पाठवतात. नवा कुणी आला की भाऊजी त्याला धडे देतात, तेही माझ्या स्वयंपाकघराच्या दारात, मोठ्या आवाजात. "हे बघ, भोंग्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही. आवाज फाटतो आणि कबुतरं आशीर्वाद देतात. वारा पाठीशी घ्यायचा. फोन हातात धरायचा नाही, स्टँडला बांधायचा. भोंगा सुरू व्हायच्या आधी शूटिंग सुरू. कानात कापूस. आणि शेपूट! मोटर बंद झाल्यावर आवाज हळूहळू खाली येतो ना, ती शेपूट. ती पूर्ण विझेपर्यंत हलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. स्वतःचं घर पेटलं तरी नाही."

माझा जप एखादे दिवशी चुकेल, हे चुकायचं नाही.

वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून फोनला मोजा घालायचा, हाही त्यांचाच शोध. मोजा कुणाचा? आमच्या ह्यांचा. कुठून घेतलेला? धुण्याच्या टोपलीतून. तो फोन मग जेवताना ताटाशेजारी. कानातला पिवळा कापूस खिडकीच्या कडेवर ठेवलेला, "अजून चालेल की" म्हणून. मी चिमट्याने उचलून फेकायची आणि हात धुऊनच दिव्याला तेल घालायची.

पण गल्लीने या छंदातून आपली सोय करून घेतली. भोंगा वाजला की बायका आधी खिडकीतून खाली बघायच्या. भोंगेभाऊ स्टँड लावून उभे दिसले की चाचणी. चला, भाजी करपते आहे. पाटी कोण वाचतो? आमची पाटी दोन पायांवर उभी असायची.

याचा सगळ्यात जास्त आधार होता तो तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंना. काका कमरेखाली लुळे. खाटेवर बसून काजं-बटणं करतात, मशीन काकू चालवतात. पाणी आलं तर काकांना खाटेसकट जिना चढवायचा, म्हणजे किमान दोन गडी हवेत, आणि गडी गोळा करायला थोडा वेळ हवा. काकू एकदा भाऊजींना म्हणाल्या होत्या, "भोंगेभाऊ, तुम्ही बाहेर दिसलात की मी सुईत दोरा ओवते. नाही दिसलात की 'धावा, धावा' म्हणून ओरडायचं, असं ठरवलंय मी."

"निर्धास्त राहा काकू," भाऊजी म्हणाले होते. माझ्यासमोर.

त्या दिवशी शनिवार नव्हता. आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पाऊस कुठे तरी वर डोंगरात पडत होता. भाऊजी जेवायला आले होते. भोंगा वाजला तसे ताटावरून उठले, खरकट्या हाताने फोन उचलला आणि जिना उतरून पळाले. मी खिडकीत आले. खाली स्टँड लागलेला, मोजा चढलेला, भाऊजी पुतळ्यासारखे उभे. समोरच्या खिडकीतून दूधवाल्याच्या बायकोने खुणेनेच विचारलं, काय? मी भाऊजींकडे बोट दाखवलं. दोघी आत गेलो.

मग पाणी आलं. पूर म्हटलं की लोकांना वाटतं लाट येते. आधी गटार येतं. रस्त्यावरची झाकणं बुडबुडत उचलली गेली, तळमजल्याच्या न्हाणीघराच्या मोरीतून काळं पाणी उलटं वर आलं, आणि त्यात जे जे तरंगत होतं ते मी लिहीत नाही, ही वही मी देवाजवळ ठेवते. काकूंची किंकाळी आली तोवर खाट बुडत आली होती. आमचे हे आणि दूधवाले कमरेभर घाणीतून आत गेले. काका उशीला पाठ टेकून, मान ताणून, हनुवटी वर धरून बसलेले. छातीपर्यंत तेच पाणी. काकूंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं आणि त्या एकच म्हणत होत्या, "तोंड मिटा, तोंड मिटा."

भाऊजीही आले मदतीला. पण शेपूट संपल्यावर.

काका वाचले. ही देवाची कृपा, माणसाची नव्हे. पडून पडून अंगावर झालेल्या जखमा चिघळल्या, ताप महिनाभर हटला नाही. आम्ही बायकांनी तळमजला खरवडला. भिंतींचा वास आजही जात नाही. भाऊजींनी काकूंच्या मशीनची मोटर फुकट गुंडाळून दिली, औषधं आणली. तेव्हा मला वाटलं, चला, माणूस आहे.

तेवढ्यात एका दुपारी जेवताना फोन पुढे केला. "वहिनी, ऐका तरी! हा चढ, हा उतार. लोक वर्षानुवर्षं वाट बघतात, कुणाला मिळत नाही. सगळीकडून वाहवा येतेय."

"भाऊजी, म्हणजे तुम्हाला कळलं होतं? खरा भोंगा आहे हे?"

"पहिल्याच चढाला."

"मग ओरडला का नाहीत?"

"वहिनी, बोललो असतो तर शूटिंगमध्ये आलं असतं ना."

आमच्या ह्यांनी ताट बाजूला सारलं. गटार उपसताना मला ओकारी आली नव्हती, ती तेव्हा आली.

मग मी तो व्हिडिओ नीट पाहिला. खांब, ऊन, आवाज. मधेच काकूंचा आवाज, "भोंगेभाऊ, आज कशी काय चाचणी?" आणि चौकटीच्या कडेने एक हात येतो. वार्निशने काळी नखं. तळहात खाली करून दोनदा हलतो. गप्प, शांत. त्यानंतर दार लागल्याचा आवाज. खाली कुणा शहाण्याने लिहिलं होतं, "अप्रतिम! ती बाई मधे बोलली नसती तर आणखी छान."

मी काकूंना वर बोलावलं. भाऊजी म्हणाले, "कशाला उगाच?" मी म्हटलं, "बसा."

काकूंनी पाहिलं. "हा हात माझ्यासाठी होता?"

"हो काकू. म्हणजे… आवाज येऊ नये म्हणून."

"मला वाटलं, काही नाही, आत जा, असं सांगताय. मी आत जाऊन दोरा ओवला."

काकू रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. नवऱ्याला एवढी वर्षं कुशीवर वळवणारी बाई, तिला आवाज चढवायची गरज पडत नाही. "आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "यापुढे भोंगा वाजला की तुम्ही बाहेर उभं राहायचं नाही. चाचणी असो, खरा असो. सरळ आमच्याकडे यायचं आणि खाट उचलायची. डोक्याकडची बाजू तुमची, जड असते. वर आणून तुमच्या खोलीत ठेवायची. शेपूट संपेपर्यंत."

भाऊजींनी मान हलवली. नाही कसं म्हणणार? काकूंच्या मागोमाग आलेली गल्ली उंबरठ्यावर उभी होती.

तेव्हापासून दर पहिल्या शनिवारी भोंगा वाजतो आणि आमच्या जिन्यातून काकांची मिरवणूक निघते. दूधवाले पायांकडे, भाऊजी डोक्याकडे, काकू मागे. काकांना मजा वाटते. "सावकाश रे, नवरदेव आहे वर," म्हणतात. भाऊजींच्या कपाळावरचा घाम काकांच्या तोंडावर ठिबकतो. माझ्या देवाने काय पण न्याय केला, असं म्हणून मी दार उघडून धरते.

आजही तसंच. भोंगा सुरू झाला, खाट जिन्याच्या वळणावर आली, आणि मला भाऊजींच्या शर्टाच्या खिशातून काहीतरी डोकावताना दिसलं. मोजा घातलेला फोन. चालू.

माझ्या आधी काकूंनी पाहिलं. त्या दोन पायऱ्या वर आल्या आणि तो खिशातून काढला. भाऊजींचे दोन्ही हात खाटेत अडकलेले, तोंडाने बोलायची सोय नाही, नियम त्यांचाच. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. खाटेवर काकांच्या पायांशी बेडपॅन होतं, ते त्या प्रत्येक वेळी सोबत आणतात. त्यात फोन ठेवला आणि वर झाकण लावलं.

ते रिकामं होतं की नाही, मी विचारलं नाही. भाऊजींनी शेपूट संपेपर्यंत खाट धरून ठेवली, मगच हात घातला. आता बाहेर नळापाशी फोन पुसत बसले आहेत. मी सांगून ठेवलंय, तो घरात आणायचा नाही.